डबल्स खेळणारी लेक आणि लांबची शाळा

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे. मुलगी चार वर्षांची असताना टोकियोला आलो, निशी-कासाईला राहतो. आजूबाजूला भारतीय शाळा असूनही तिला जपानी सरकारी शाळेत घातलं. आता ती नववीत आहे. सातवीत तिने शाळेच्या बॅडमिंटन क्लबात नाव घातलं आणि सरांनी तिला एका जपानी मुलीबरोबर डबल्सला लावलं. तेव्हापासून दोघी एकत्र खेळतायत. या उन्हाळ्यातल्या स्पर्धेनंतर ईशान्य जपानातल्या तोहोकू भागातल्या एका निवासी हायस्कूलने दोघींना मिळून बोलावलंय. एप्रिलपासून तीन वर्षं, वसतिगृहात राहून. मुलगी शिदा-मात्सुयामा या जोडीची भक्त आहे, खोलीत त्यांचेच फोटो. ती एका पायावर तयार आहे.

ह्यांचं म्हणणं, "सिंगल्स असतं तर विचार केला असता. डबल्स म्हणजे अर्धं श्रेय. आणि ती दुसरी मुलगी उद्या सोडून गेली तर हिने काय करायचं?" माझी भीती वेगळी आहे. पंधराव्या वर्षी लेक इतक्या लांब. घरी आम्ही शाकाहारी, ती बाहेर अंडी-मासे खाते. शिवाय पासपोर्ट भारतीय. एवढं करून जपानकडून खेळताच येणार नसेल तर हे सगळं कशासाठी? एक सांगायचं राहिलं. दोघींची मिळून एक वही आहे, प्रत्येक मॅचनंतर दोघी तीत लिहितात. परवा मी ती चाळली. हरलेल्या प्रत्येक मॅचखाली आमच्या मुलीने एकच लिहिलंय, "माझी चूक". काय करू?

– एक आई, टोकियो

प्रिय ताई,

आधी तुमच्या यजमानांचं बोलणं घेते, कारण घरात अडलंय ते तिथेच. डबल्स म्हणजे अर्धं श्रेय, असं वाटणं आपल्याकडे अगदी स्वाभाविक आहे. आपण साईनाला पाहिलं, सिंधूला पाहिलं. पदक घेऊन एकटी उभी असलेली मुलगी आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण तुम्ही राहता त्या देशात गोष्ट वेगळी आहे. जपानला बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं २०१२ साली लंडनमध्ये, आणि ते महिला दुहेरीत, मिझुकी फुजिई आणि रेइका काकिइवा यांनी. पहिलं सुवर्ण २०१६ साली रिओत, तेही महिला दुहेरीत. १९७७ साली पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात जपानने सुवर्ण घेतलं तेसुद्धा महिला दुहेरीचंच. तुमच्या लेकीच्या खोलीत ज्यांचे फोटो आहेत त्या शिदा-मात्सुयामा २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदक विजेत्या. जपानात शाळकरी मुलीला सर डबल्सला लावतात तेव्हा तिला मागच्या बाकावर बसवत नसतात, हे यजमानांना शांतपणे सांगा.

याला कारणही आहे. तिथला खेळ संघांवर उभा आहे. आधी शाळेचा संघ, मग कंपनीचा. तिथल्या कंपन्यांच्या एसजे लीगमध्ये एका लढतीत दोन डबल्स आणि एक सिंगल्स असं गणित असतं. म्हणजे कंपनीला एका दिवसाला सिंगल्सची एक खेळाडू लागते, तर डबल्सच्या चार. रिओचं सुवर्ण जिंकणाऱ्या आयाका ताकाहाशी आणि मिसाकी मात्सुतोमो दोघी निहोन युनिसिस या संगणक कंपनीच्या नोकरीत होत्या, तिलाच आता बिप्रोजी म्हणतात. शिदा-मात्सुयामा साइशुंकान या औषध कंपनीच्या संघातल्या. मायू मात्सुमोतो आणि वाकाना नागाहारा यांनी २०१८ आणि २०१९ असं सलग दोनदा जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा त्या अकितातल्या होकुतो बँकेच्या संघात होत्या. बँकेच्या! पगार कंपनीचा, सराव कंपनीच्या कोर्टवर, आणि अनेक ठिकाणी खेळ थांबल्यावर त्याच कंपनीत पुढे काम करायची सोय. भारतात रेल्वे किंवा पेट्रोलियम कंपन्या खेळाडूंना घेतात तशातलाच प्रकार, फक्त संघाचं महत्त्व फार जास्त. तेव्हा पोटापाण्याचा विचार करायचा तर तुमच्या यजमानांचा हिशेब उलटा पडतो. तिथे चांगल्या डबल्स खेळणाऱ्या मुलीला जागा अधिक आहेत.

आता श्रेयाचं. दुहेरीचं कोर्ट ६.१० मीटर रुंद, एकेरीचं ५.१८. दोघींनी अर्धं अर्धं वाटून घेतलं की झालं, असं कोर्टाबाहेरून वाटतं. प्रत्यक्षात मुलगी सतत फिरत असते. तिने मागून स्मॅश मारला की जोडीदार नेटजवळ सरकते, शटल उंच परत आलं की दोघी शेजारी-शेजारी येऊन बचावाला उभ्या राहतात, मग पुन्हा मागे-पुढे. महिला दुहेरीत एका स्मॅशवर गुण क्वचित मिळतो. समोरच्या दोघी उचलत राहतात आणि एकेक रॅली संपता संपत नाही. अशा वेळी आपली जोडीदार आता कुठे असेल हे मान न वळवता कळावं लागतं. ते अंगात भिनायला वर्षं जातात.

रिओचा अंतिम सामना यजमानांबरोबर बसून पाहा. सगळा नाही तर निदान शेवटची दहा मिनिटं. समोर डेन्मार्कच्या क्रिस्टिना पेडरसन आणि कामिला रुटर युल. पहिला गेम जपानने १८-२१ घालवला, दुसरा २१-९ घेतला. तिसऱ्यात १६-१९ अशी पिछाडी. डेन्मार्कला दोन गुण हवेत, जपानला पाच. तिथून ताकाहाशी-मात्सुतोमोनी सलग पाच गुण घेतले आणि गेम २१-१९ने खिशात घातला. त्या पाच गुणांत मात्सुतोमो नेटजवळ काय करते ते बघा. ती जोरात मारायला जातच नाही. शटल थोडं लवकर अडवते, थोडं हळू सोडते, समोरचीला अर्धं पाऊल चुकीच्या बाजूला टाकायला लावते, आणि मग मागून ताकाहाशी मारते. गुण कुणाचा, हे सांगताच येणार नाही. हे पाहिल्यावर "अर्धं श्रेय" हा शब्द तुमच्या घरात पुन्हा निघणार नाही, अशी माझी खात्री आहे.

या दोघींची गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगते. ताकाहाशी नारा प्रांतातली, मात्सुतोमो शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाची. दोघी शाळेत असतानाच घर सोडून सेंदाईला गेल्या, म्हणजे तुमची लेक निघालीय त्याच तोहोकूमध्ये. ताकाहाशी एक इयत्ता पुढे. २००७ साली शाळेच्या सरावात त्यांची जोडी लागली. शाळा संपल्यावर आधी एक कंपनीत गेली, पाठोपाठ दुसरी. २०१६च्या मार्चमध्ये ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनमधली मानाची स्पर्धा, ऑगस्टमध्ये ऑलिंपिक सुवर्ण. इथवर सगळं एखाद्या आईला स्वप्नात दिसावं तसं.

पुढचं मात्र सहसा कुणी सांगत नाही. ऑलिंपिकमध्ये एका देशाच्या जास्तीत जास्त दोन जोड्या जातात. रिओनंतर जपानात युकी फुकुशिमा-सायाका हिरोता आणि मात्सुमोतो-नागाहारा या दोन जोड्या अशा काही वर आल्या की जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी २०१८ला नानजिंगमध्ये आणि २०१९ला बाझेलमध्ये या दोन जपानी जोड्यांमध्येच झाली. दोन्ही वेळा तिसऱ्या गेमपर्यंत, एकदा २२-२०, एकदा २३-२१. सुवर्णपदक गळ्यात असलेल्या ताकाहाशी-मात्सुतोमो स्वतःच्याच देशात तिसऱ्या. त्यात कोरोनाची साथ आली, ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेलं, आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये ताकाहाशीने तिशीत निवृत्ती जाहीर केली. मात्सुतोमो मिश्र दुहेरीकडे वळली आणि नव्या जोडीदाराबरोबर खेळत राहिली.

तुमच्या लेकीच्या लाडक्या जोडीचंही असंच. चिहारू शिदा अकिताची, नामी मात्सुयामा थेट दुसऱ्या टोकाच्या फुकुओकाची. दोघी आओमोरीतल्या एकाच शाळेत भेटल्या, तिथेही एक इयत्तेने पुढे-मागे. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्यापुढे दोन जोड्या होत्या, त्यामुळे घरच्या ऑलिंपिकला त्यांना बाहेरून पाहावं लागलं. पुढच्याच वर्षी त्या ऑल इंग्लंड जिंकल्या, मग पॅरिसचं कांस्य, २०२५ला पुन्हा ऑल इंग्लंड. आणि त्याच २०२५मध्ये, दहा वर्षांहून जास्त एकत्र खेळल्यावर, त्यांनी जोडी सोडली.

आणखी एक सांगते, हे मला स्वतःला फार भावतं. ज्या दोन जोड्या दोन जागतिक अंतिम सामन्यांत एकमेकींविरुद्ध खेळल्या, त्यांतली एकीकडची फुकुशिमा आणि दुसरीकडची मात्सुमोतो पॅरिस ऑलिंपिकनंतर एकमेकींच्या जोडीदार झाल्या. कधी काळी जिच्याकडून अवघ्या दोन गुणांनी सुवर्ण हुकलं, तिच्याच शेजारी उभं राहून सर्व्हिस करायची!

तेव्हा ताई, "ती दुसरी मुलगी सोडून गेली तर?" या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की जाईल. आज ना उद्या नक्की जाईल. दुखापतीने जाईल, दुसऱ्या कॉलेजात जाईल, प्रशिक्षक तिला दुसरीबरोबर लावतील, किंवा तुमच्याच लेकीला हलवतील. हायस्कूलच्या पहिल्या वर्षातच जोड्या फिरवून बघतात. शाळेने दोघींना मिळून बोलावलं याचा अर्थ तीन वर्षं दोघींना मिळूनच खेळवतील असा होत नाही. म्हणून लेकीला एकच प्रश्न विचारा, आणि तो ह्यांच्यासमोर नको, तुम्ही दोघीच असताना विचारा. "ती आली नाही, तरी तू जाशील का?" उत्तर लगेच मागू नका. चार दिवस जाऊ द्या. तिचा होकार आला तर मी पाठवा म्हणेन. "मग नाही" असं उत्तर आलं, तर तिला खेळापेक्षा मैत्रीण हवी आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही. या वयात मैत्रीण हवीशी वाटणारच. पण मैत्रिणीसाठी वसतिगृहात तीन वर्षं काढायची नसतात. टोकियोतही चांगल्या क्लबांची हायस्कुलं आहेत, तिथे घरून जाता येतं.

आता त्या वहीकडे येते. तुम्ही ती ओळ पत्राच्या शेवटी लिहिलीत, पण मी तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं ते त्या ओळीसाठी. "माझी चूक." हरलेल्या प्रत्येक मॅचखाली.

जपानी मुली कोर्टवर चुकल्या की लगेच जोडीदाराची माफी मागतात, रॅकेट हलवून, मान झुकवून. ती तिथली रीत आहे, तिचं मला काही वाटत नाही. पण घरी येऊन, अंघोळ करून, जेवून, मग वही उघडून तेच लिहिणं ही रीत नाही. तिथे मुलीने दोघींच्या पराभवाचं ओझं एकटीने उचललेलं असतं. परक्या देशात वाढणाऱ्या मुलींमध्ये हे जास्त दिसतं. आपण इथले नाही, तेव्हा आपल्यामुळे कुणाचं नुकसान होता कामा नये, ही भावना त्या लहानपणापासून घेऊन फिरतात. ती घरी कुणी शिकवलेली नसते, तरीही येते. असं मूल कडक शिस्तीच्या वसतिगृहात गेलं तर दुखणं लपवेल, रडणं लपवेल, फोनवर "सगळं छान आहे" म्हणेल.

सायाका हिरोताचं उदाहरण तुमच्या लेकीला माहीत असेलच. टोकियो ऑलिंपिकच्या महिनाभर आधी तिच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, तोच पुढचा, ज्यासाठी शस्त्रक्रिया लागते. ती पायाला जाड ब्रेस बांधून खेळली. मागची बरीचशी धावपळ फुकुशिमाने अंगावर घेतली. उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या चेन चिंगचेन-जिया यीफान यांच्याविरुद्ध पहिला गेमसुद्धा घेतला, पुढचे दोन गेले. सामना संपल्यावर समोरच्या जोडीने तिला मिठी मारली. या प्रसंगाचे व्हिडिओ मुली डोळ्यांत पाणी आणून पाहतात आणि "दुखलं तरी खेळायचं" एवढंच उचलतात. मला त्यातलं वेगळं काही तुमच्या लेकीला दाखवावंसं वाटतं. हिरोताने आपला गुडघा लपवला नव्हता. जोडीदाराला माहीत होतं, प्रशिक्षकांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, आणि मग सगळ्यांनी मिळून खेळण्याची पद्धत बदलली. शिवाय ती प्रौढ होती, ऑलिंपिक समोर होतं. नववी-दहावीतल्या मुलीने आंतरशालेय स्पर्धेसाठी गुडघा पणाला लावायचा नसतो.

म्हणून पाठवण्याआधी एक काम करा. वही लपूनछपून वाचलीत हे तिला सांगा. रागवेल, रागावू द्या. मग विचारा, या मॅचमध्ये तुझ्या जोडीदाराची चूक कुठली? तिला सांगता आली नाही तर समजा की तिला अजून डबल्सचा निम्मा भाग शिकायचा आहे. मैत्रीण दुखावली जाईल या धाकाने जी मुलगी "तू नेट सोडून मागे आलीस" हे म्हणू शकत नाही, ती वाईट जोडीदार ठरते, कितीही गुणी असली तरी. तिच्या आताच्या सरांनाही ही गोष्ट कानावर घाला. चांगले सर असतील तर पुढच्याच आठवड्यात दोघींना समोरासमोर बसवून बोलतं करतील.

शाळेविषयी. निर्णयाआधी शाळा प्रत्यक्ष पाहून या, आणि फक्त समारंभाच्या दिवशी नको. नेहमीच्या सरावाला दोन-अडीच तास भिंतीला टेकून बसा. प्रशिक्षक ओरडतात का, हे विचारू नका, सगळेच ओरडतात. ओरडल्यावर मुलीचा चेहरा कसा होतो ते पाहा. ती पुन्हा शटल घेऊन प्रश्न विचारायला जाते का, की खाली बघून "हाय", म्हणजे जपानीत "हो", म्हणून पळते? जपानातल्या शालेय खेळांत मारहाणीचा इतिहास आहे, तो नजरेआड करू नका. २०१२ साली ओसाकातल्या एका हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधार मुलाने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर जीव दिला. देश हादरला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या क्रीडा संघटनांनी एकत्र येऊन खेळातल्या हिंसेविरुद्ध जाहीरनामा काढला. तेव्हापासून बरंच सुधारलंय. तरीही तुम्ही विचारायलाच हवं की वसतिगृहात रात्री मुलींजवळ कोण असतं, मोठ्या मुलींनी लहानींकडून कुठली कामं करून घ्यायची याला काही मर्यादा आहे का, मोबाइल कधी मिळतो, तक्रार करायची तर प्रशिक्षकांव्यतिरिक्त कुणाकडे जायचं. हे प्रश्न विचारल्याने शाळा नाराज होत असेल तर तेही उत्तरच आहे.

दुखापतीचं वेगळं विचारा. हिरोतासारखी गुडघ्याची दुखापत वाढत्या वयाच्या मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते, विशेषतः उडी मारून एका पायावर उतरताना. शाळेत ट्रेनर आहे का, पाय आणि कंबरेच्या ताकदीचा व्यायाम नियमित घेतात का, गेल्या दोन-तीन वर्षांत किती मुलींच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे थेट विचारा. आणि मुलीशी पाळीबद्दल मोकळेपणी बोलून ठेवा. भरपूर सराव आणि कमी खाणं यामुळे पाळी थांबली तर ते कौतुकाचं लक्षण नाही. हाडं ठिसूळ होतात. अशा वेळी डॉक्टरकडे जायचं, आणि तुम्हाला कळवायचं, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या.

जेवणाची काळजी तुम्ही एका ओळीत लिहिलीत, पण ती छोटी नाही. ती अंडी-मासे खाते हे फार बरं झालं, कारण वसतिगृहातल्या मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत बहुतेक सगळ्यात दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो. घरची श्रद्धा आणि तिची भूक यांत तिला एकटीला तोल सांभाळायला लावू नका. तुम्ही दोघं बसून ठरवा आणि स्वच्छ शब्दांत सांगा की तिथे जे मिळेल ते, तुला चालेल ते, पोटभर खा. घरात कुणी नाक मुरडणार नाही. तूप, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी पाठवाल ती पाठवाच, पण त्यावर दिवसाला चार तास खेळणारं शरीर उभं राहणार नाही.

आता पासपोर्टचा प्रश्न. जपानच्या राष्ट्रीय संघातून ऑलिंपिक खेळायचं तर जपानचं नागरिकत्व लागतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे जपानचं घेतलं की भारताचं जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढता येतं, पण ते नागरिकत्व नव्हे. हा निर्णय पंधराव्या वर्षी, एका शाळेच्या आमंत्रणापायी घ्यायचा नाही. घ्यायचीही गरज नाही. शाळेला आत्ता एवढंच लेखी विचारा की भारतीय पासपोर्टवर तिला आंतरशालेय स्पर्धांत, सांघिक आणि वैयक्तिक दोन्ही, उतरता येईल का. हो म्हणाले की पुढच्या तीन वर्षांचा प्रश्न मिटला. तिथे वयाच्या अठराव्या वर्षी मुलं सज्ञान होतात, तेव्हा ती स्वतः विचार करेल.

आणि भारताची वाट बंद झालेली नाही, हेही तिला माहीत असू द्या. तनिषा क्रास्टो मूळची गोव्याची, जन्म दुबईचा. खेळासाठी ती हैदराबादला गोपीचंद अकादमीत आली, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये अश्विनी पोनप्पाबरोबर भारताकडून खेळली. गटात त्यांच्यासमोर कोण होतं ठाऊक आहे? शिदा आणि मात्सुयामा. ११-२१, १२-२१ असा पराभव झाला. त्याआधी रिओत ज्वाला गुट्टा आणि अश्विनीची पहिलीच गाठ पडली होती ती ताकाहाशी-मात्सुतोमोशी, आणि त्याही हरल्या. भारताच्या महिला दुहेरीला अजून त्या पातळीवर पोचायचं आहे. जपानी शाळेत तयार झालेली, जपानी बोलणारी, त्या जोड्या कशा फिरतात हे आतून ओळखणारी एखादी मराठी मुलगी उद्या भारताकडून उभी राहिली तर मला किती आनंद होईल, हे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. अर्थात माझ्या आनंदासाठी तिने काही ठरवू नये.

ऑलिंपिकच्या आशेवर मात्र पाठवू नका. चार वर्षांतून एकदा जपानच्या दोन जोड्या, म्हणजे फार तर चार मुली. आओमोरी आणि सेंदाईच्या त्या शाळांमध्ये शिदा किंवा मात्सुतोमोबरोबर तेवढाच घाम गाळणाऱ्या कितीतरी मुली होत्या, ज्यांची नावं तुम्ही-मी कधी ऐकणार नाही. त्यांतल्या कुणी पुढे शिकल्या असतील, कुणी शाळांमधून शिकवत असतील, कुणी कंपनीच्या संघात दोन-चार वर्षं खेळून नोकरीत रुळल्या असतील. या तिन्ही गोष्टी तुमच्या लेकीला चालणार असतील, आणि तुम्हा दोघांनाही, तर पाठवा. म्हणून अभ्यासाचं आधी पक्कं करा. शाळेतून खेळाडू मुली पुढे कुठल्या विद्यापीठांत जातात याची यादी मागा, आणि खेळ सोडला तर प्रवेश आणि वसतिगृह राहतं का, हे विचारा. खेळाच्या शिफारशीवर घेतलेल्या मुलीला क्लब सोडला की शाळेत राहणं अवघड होतं, अशी उदाहरणं असतात. ही अट कागदावर पाहिल्याशिवाय होकार कळवू नका.

तुमच्या भीतीबद्दल मी फारसं लिहिलं नाही, कारण तिच्यावर उपाय नाही. पंधराव्या वर्षी लेक लांब जाणार म्हटल्यावर आईचा जीव टांगणीला लागणारच. पण शिंकान्सेनने सेंदाई दीड-दोन तासांवर आणि आओमोरी साडेतीन तासांवर आहे. नाशिकहून पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या वर्षी दर स्पर्धेला तुम्हा दोघांपैकी एकाने जायचं असं आत्ताच ठरवा आणि तिलाही सांगून ठेवा. यजमानांना पहिल्या स्पर्धेला धाडा.

तिचं उत्तर काय आलं ते मला कळवा. शाळेकडून अटींचा कागद आला आणि त्यातलं काही समजलं नाही, तर तोही पाठवा, मिळून वाचू.

तुमची,
ताई